‘काही नाही’ म्हणजे काय?

दवाखान्यातून बाहेर पडताना आपल्याला सगळ्यांत जास्त ऐकावेसे वाटणारे शब्द दोनच असतात : ‘काही नाही’. रिपोर्ट खाली ठेवून डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, घाबरू नका’, आणि बाहेर बाकावर बसलेली मंडळी उठून उभी राहतात. कुणी गावाकडं फोन लावतं, कुणाला तेवढ्यात भूक लागल्याचं आठवतं. मी बरीच वर्षं कविता लिहितो आहे. त्यामुळं शब्द उलटेपालटे करून पाहण्याची खोड आहे. हे दोन शब्द गेल्या तीन वर्षांत माझ्या वाट्याला इतक्या वेळा आले की, त्यांचा नेमका अर्थ काय हे शोधणं मला भाग पडलं. कारण ते म्हणत होते तेव्हाही माझ्या छातीत दुखत होतंच.

आधी माझ्या ठोक्यांविषयी सांगायला हवं. २०२२ च्या पावसाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या नेहमीच्या तपासण्यांत ईसीजी निघाला. काढणाऱ्या मुलानं पट्टी पाहिली, वायरी नीट चिकटल्यात का ते तपासलं आणि पुन्हा काढली. दुसरी पट्टीही पहिलीसारखीच निघाली. मला स्वतःला काही म्हणजे काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका आणि खालचे दोन म्हणजे जवनिका. (जवनिका म्हणजे रंगमंचावरचा पडदा. शरीरशास्त्राची परिभाषा घडवणाऱ्यांत कुणीतरी नाटकवेडा असावा.) एरवी उजव्या कर्णिकेतल्या एका ठिकाणाहून विजेचा एक इशारा निघतो, वरचे कप्पे आवळतात, मग खालचे. या आजारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे उठतात. कर्णिका नीट आवळत नाहीत, नुसत्या थरथरत राहतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक गाठ आहे, ती जकात नाक्यासारखी काम करते. आलेल्या गर्दीतले थोडेच इशारे ती खाली सोडते, पण कोणता सोडेल आणि किती वेळानं सोडेल याला काही नेम नाही. त्यामुळं ठोके पडतात ते कसेही. एक लवकर, दोन उशिरा, मग तीन घाईत. मात्रा मोजून लिहिणाऱ्या माणसाच्या छातीतच वृत्त बिघडावं, याची गंमत मित्रांनी माझ्यापेक्षा जास्त केली.

हा बिघाड जुना आहे, त्याची नोंद जुनी आहे. आमच्या अब्बांना नाडी पाहणारे एक हकीमसाहेब ठाऊक होते. ते मनगटावर चार बोटं ठेवून डोळे मिटून बसत, आणि आम्ही पोरं श्वास रोखून उभी. पुढं वाचनात आलं की, अकराव्या शतकात इब्न सीनानं आपल्या ‘अल् कानून’ या ग्रंथात नाडीत संगीत असतं असं मानलं आहे आणि बिघडलेल्या नाड्यांना प्राण्यांची नावं दिली आहेत. एक मुंगीसारखी, बारीक आणि भरभर. एक उंदराच्या शेपटीसारखी, निमुळती होत जाणारी. आणि एक ‘गजाली’ म्हणजे हरणासारखी. आधी संथ, मग क्षणभर थबकून एकदम उसळणारी. अरबीत हरणाला गजाल म्हणतात आणि गजल हा शब्दही त्याच अक्षरांतून येतो. आपल्याकडं शार्ङ्गधराच्या संहितेतही वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी असं वर्णन आहे. दोन वेगळ्या परंपरांतल्या वैद्यांना बोटाखालच्या त्या हालचालीसाठी प्राणीच आठवावेत, हे मला फार आवडतं. यंत्रं नव्हती, पण लक्ष होतं. विसाव्या शतकात ही नाडी ईसीजीच्या कागदावर उतरली. हॉलंडच्या विलेम आइंटहोवेन यांनी आपल्या ईसीजी यंत्रावर तिची रेघ काढली. त्या यंत्रासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. कर्णिकांच्या थरथरण्याशी या बेताल नाडीचा संबंध लंडनच्या थॉमस लुइस यांनी १९०९ मध्ये पक्का केला.

मला दोन प्रकारची औषधं सुरू झाली. एक रक्त पातळ ठेवण्याची. कर्णिका थरथरत राहिल्या की आत रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातून १९९१ मध्ये पुढं आलं की, या आजारात पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट असतो. प्रत्येकाला ही गोळी लागतेच असं नाही. वय, रक्तदाब, साखर, आधीचे आजार असे गुण मोजून डॉक्टर ठरवतात. मला रक्तदाबही होता आणि साखरही. दुसरी गोळी होती नाक्यावरची गर्दी आवरण्याची, डिजॉक्सिन. दवाखान्यात बसल्या जागी ठोके मोजले, मिनिटाला ७८. डॉक्टर खूश, मी खूश, घरचे खूश.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझं दुखणं सुरू झालं.

मी साताऱ्यात राहतो. सकाळी अजिंक्यताऱ्याचा घाटरस्ता चढायला निम्मं गाव येतं. मीही त्यातलाच. सपाटीवर काही होत नसे. चढ लागला की दुसऱ्या वळणाच्या आसपास छातीच्या मधोमध काहीतरी सुरू व्हायचं. थांबलो की दोन-चार मिनिटांत जायचं. पुन्हा चाललो की पुन्हा यायचं. थंडीत जास्त, चहा-नाश्ता करून निघालो तर आणखी जास्त. पुढच्या वर्षी रमजानात एक गोष्ट लक्षात आली. ज्या जिन्यावर सकाळी काही होत नसे, त्याच जिन्यावर इफ्तारनंतर पोट भरलेलं असताना दोनदा थांबावं लागे.

‘काहीतरी’ असं मी म्हणालो, ते डॉक्टरांना चालत नाही. ते विचारतात, ‘कसं दुखतं?’ आणि इथं मराठी माणसाला खरं तर मोठा खजिना उघडा असतो. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. कळ येते, चमक मारते, ठणका लागतो, उसण भरते, टोचतं, सलतं, ठुसठुसतं, जळजळतं, आवळतं, दडपल्यासारखं होतं, भरून येतं, पिळवटतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चमक क्षणाची असते, ठणका ठोक्याठोक्यानं लागतो. उसण हालचालीनं वाढते, दाबलं तर नेमकी जागा दाखवता येते. जळजळ खालून वर येते. हृदयाचं दुखणं बहुतेकदा आवळल्यासारखं, दडपल्यासारखं येतं. माणूस बोट ठेवून जागा दाखवत नाही, तर सगळा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात उतरतं. प्रत्येकाचं असं होतंच असं नाही. बायकांत, साखरेच्या रुग्णांत आणि म्हाताऱ्या माणसांत नुसती धाप लागणं, मळमळणं किंवा गळून जाणं एवढंच दिसू शकतं. तरीही शब्द नीट निवडला की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. पण दवाखान्यात गेल्यावर आपण हे सगळे शब्द बाहेर चपलांजवळ ठेवतो आणि आत जाऊन सांगतो, ‘छातीत पेन होतंय.’

माझ्या घरी दखनी बोलतात. तिथं या सगळ्याला एकच शब्द, दर्द. शायरीला तो फार उपयोगी आहे, रोगाला मात्र अपुरा. त्यामुळं मी मराठीतच सांगितलं : ‘कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं होतं. टोचत नाही. बोटानं जागा दाखवता येत नाही.’

पुढच्या गोष्टी झपाट्यानं झाल्या. पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट झाली, तिचा निकाल ‘संशयास्पद’. हृदयाची सोनोग्राफी केली, झडपा ठीक. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ठीक. मग अँजिओग्राफी. ही तपासणी कशी सुरू झाली त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स नावाचे डॉक्टर महाधमनीजवळच्या झडपेचं चित्र घेत होते. नळीचं टोक चुकून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत शिरलं आणि रंग तिथंच सुटला. सगळ्यांना वाटलं, रुग्ण आता हाती लागत नाही. तो वाचला आणि पडद्यावर जिवंत माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या इतक्या नेमक्या पहिल्यांदाच दिसल्या. आज तालुक्याच्या गावातल्या माणसालासुद्धा ‘ब्लॉकेज’ हा शब्द माहीत असतो, तो त्या दिवसामुळं.

माझ्या चित्रात ब्लॉकेज नव्हतं. मोठ्या तिन्ही वाहिन्या स्वच्छ. डॉक्टर हसून म्हणाले, ‘काही नाही. गॅस असेल. चालत राहा.’ पित्ताची गोळी मिळाली. ती मी महिनाभर इमानेइतबारे घेतली. दुसऱ्या वळणावर छाती पिळली जातच राहिली.

आता या ‘काही नाही’चा अर्थ पाहू. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या वाहिन्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या. त्याहून बारीक असलेल्या असंख्य फांद्या हृदयाच्या स्नायूत शिरतात आणि स्नायूला खरं रक्त पोचतं ते त्यांच्याकडून. त्या चित्रात येत नाहीत. म्हणजे हमरस्ते मोकळे आहेत एवढं कळलं, गल्ल्यांचं काही कळलं नाही. शिवाय चित्र घेतलं ते मी पाठीवर पडलेलो असताना. दुखत होतं चढावर. ‘काही नाही’ म्हणजे ‘आम्ही जे शोधत होतो ते, आम्ही शोधलं त्या वेळी, तिथं नव्हतं’. हे वाक्य फार लांब आहे आणि बाहेर शंभर पेशंट बसलेले असतात, म्हणून ते दोन शब्दांत उरकलं जातं. त्यात डॉक्टरांची लबाडी नाही. मोठ्या वाहिन्या स्वच्छ असणं ही साधी गोष्ट नाही, ती मोठी आनंदाची बातमी आहे. पण ती एका प्रश्नाचं उत्तर आहे, सगळ्या प्रश्नांचं नाही.

घरात मात्र ते सगळ्या प्रश्नांचं उत्तर ठरलं. थोरला मुलगा म्हणाला, ‘अब्बा, तुम्ही जास्त विचार करता.’ टेकडीवरचे मित्र म्हणाले, ‘भाई, कवीचं काळीज, दुखणारच!’ मी थांबलो की तेही थांबत, पण चेहऱ्यावर एक समजूतदार हसू असे. रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर दुखणाऱ्या माणसाला दोन दुखणी होतात. एक असतं ते, आणि दुसरं ते खरं आहे हे लोकांना पटवण्याचं. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःलाच विचारू लागलो की, हे आपण कल्पनेनं तर करत नाही ना? शेवटी धंदा कल्पनेचाच.

बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, जिना चढताना छातीत भरून यायचं. ‘वय झालं, टेन्शन घेऊ नका’ असं तिला एक वर्ष सांगितलं गेलं. ती खरंच टेन्शन घेणारी आहे, त्यामुळं सगळ्यांना ते पटलंही. शेवटी कुणीतरी साधं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होऊन थोडं थोडं रक्त जात होतं. रक्तातच प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य निम्म्यावर आलं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं, दुखेल नाहीतर काय! पोटाचा उपचार झाला, लोह मिळालं, आपा आता माझ्याआधी जिना चढते आणि वर उभी राहून मला हाका मारते.

माझ्या दुखण्याचा धागा सापडला तो एका वयस्कर फिजिशियनकडं. त्यांच्याकडं मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. त्यांनी माझी फाईल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, ‘भाई, चढताना नाडी किती होते?’

मी म्हणालो, ‘दवाखान्यात ७८ असते.’

‘दवाखान्यात तुम्ही चढता का?’

त्यांनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि त्याच वेळी कंपाउंडरला माझं मनगट धरायला सांगितलं. दोघांनी एकच मिनिट मोजलं. छातीवर ९४, मनगटावर ८२. या आजारात काही ठोके इतके घाईत पडतात की, तोवर हृदयात पुरेसं रक्तच भरलेलं नसतं. ते ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून नुसती मनगटाची नाडी कमी दाखवते. आणि मोजायची तर पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची आपली सवय बेताल नाडीला चालत नाही. घरातलं रक्तदाबाचं यंत्रसुद्धा अशा नाडीपुढं गोंधळतं, दोन-तीनदा मोजून सरासरी धरावी लागते.

मग त्यांनी मला चोवीस तासांचा होल्टर लावला. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानं हे यंत्र पहिल्यांदा बनवलं, तेव्हा ते पाठीवर बांधायचं असे आणि त्याचं वजन पस्तीस-चाळीस किलो होतं. माझं खिशात मावत होतं. डॉक्टर म्हणाले, ‘झोपून राहू नका. रोज जे करता ते करा. टेकडी चढा, दुखलं की घड्याळ पाहून लिहा.’ मी लिहिलं, ‘६.४२, दुसरं वळण, पिळवटणं’. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद उलगडला. ६.४२ ला मिनिटाला १७८ ठोके.

असं का झालं, हे त्यांनी ज्या पद्धतीनं सांगितलं ते मी विसरणार नाही. डिजॉक्सिन ज्या वनस्पतीतून आलं त्या फॉक्सग्लोव्हच्या कुळाची ओळख इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये पुस्तक लिहून करून दिली. जुनं आणि गुणी औषध आहे, आजही अनेकांना ते लागतं. पण ते नाक्यावर काम करतं ते मुख्यतः शरीराला विसावा देणाऱ्या मज्जातंतूच्या मार्फत. माणूस बसलेला असतो तेव्हा हा मज्जातंतू जोरात असतो, म्हणून गोळीही जोरात. चढ लागला की शरीर त्या मज्जातंतूला गप्प करतं आणि दुसरी, पळवणारी यंत्रणा सुरू करतं. मग गोळीचं कुणी ऐकत नाही. बसलो की ७८, चढलो की १७८. स्ट्रेस टेस्ट संशयास्पद येण्यामागंही हीच दोन कारणं असू शकतात, असं ते म्हणाले. ही गोळी आणि ही बेताल चाल दोन्ही ईसीजीच्या रेघेचा तो भाग खाली ओढतात, ज्यावरून ब्लॉकेजचा अंदाज बांधतात.

आणि जोरात पळालं म्हणून दुखावं का? इथं मला माझ्या ओळखीची गोष्ट सापडली. हृदय सगळ्या शरीराला रक्त पाठवतं ते आवळताना. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या जवनिकेला, रक्त मिळतं ते बहुतांशी सैल पडल्यावर, दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. आवळलेल्या स्नायूत वाहिन्या दाबल्या जातात, तेव्हा रक्त शिरणार कुठून? वृत्तात आपण यती म्हणतो, ओळीच्या मध्ये श्वास घ्यायची जागा. हृदय यतीत जेवतं. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, त्यातला सुमारे अर्धा सेकंद विसाव्याचा. ठोके १५० झाले की एका ठोक्याला ०.४ सेकंद. आवळण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती विसाव्याला. तो सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर येतो. म्हणजे काम दुप्पट आणि जेवणाची सुट्टी जवळजवळ रद्द. त्यात कर्णिका थरथरत असल्यानं त्यांचा शेवटचा धक्का, ज्यानं खालचा कप्पा चौथा-पाचवा हिस्सा जास्त भरतो, तोही नाही. वाहिन्या स्वच्छ असूनही स्नायू उपाशी राहू शकतो.

औषध बदललं. मेटोप्रोलॉल आलं, ते चढावरही नाक्यावर उभं राहतं. (ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते, दुखणं उसळू शकतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगतो.) दीड महिन्यानं पुन्हा होल्टर लावला. त्याच वळणावर १२६. दुखणं बारा आण्यांनी कमी झालं.

चार आणे राहिलं. ते का राहिलं, हे मला आजही नक्की माहीत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनाही नाही. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे. त्यांचा संशय त्या बारीक गल्ल्यांवर आहे. रक्तदाब आणि साखर असलेल्या माणसात या बारीक वाहिन्या गरजेच्या वेळी हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. अँजिओग्राफी स्वच्छ आणि तरी छातीत दुखतं, अशा रुग्णांच्या दुखण्याला १९७३ मध्ये हार्वे केम्प या डॉक्टरांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. बीजगणितात न सापडलेल्या संख्येला आपण एक्स मानतो, तसंच हे. आता त्या एक्सची बरीच उकल झाली आहे. हृदयाच्या वाहिनीत बारीक तार सरकवून या गल्ल्यांतल्या प्रवाहाचं माप घेता येतं. २०१८ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी अशा १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या डॉक्टरांना ही मापं कळवली आणि त्याप्रमाणं औषधं दिली, निम्म्यांचे उपचार नेहमीसारखे. ज्यांच्या दुखण्याला नेमकं नाव मिळालं, त्यांचं दुखणं सहा महिन्यांत जास्त उतरलं. ही तपासणी आपल्याकडं सगळीकडं होत नाही आणि स्वस्तही नाही. माझ्या बाबतीत निकाल काहीही आला तरी औषधं तूर्त हीच राहतील, म्हणून आम्ही ती पुढं ढकलली आहे.

मग चालायचं की नाही? मला सगळ्यांत जास्त भीती याच प्रश्नाची होती. टेकडी बंद म्हणजे माझी निम्मी कविता बंद, कारण ओळी मला चालतानाच सुचतात. याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाकडं सापडलं. विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरांनी १७६८ मध्ये छातीच्या या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन वाचून दाखवलं. ‘अंजायना’ हे नाव त्यांचंच. चालताना, त्यातही चढावर आणि जेवण झाल्यावर येतं, उभं राहिलं की जातं, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. ना ईसीजी, ना चित्र, नुसतं रुग्णांचं ऐकून. त्यांनी एका रुग्णाचीही नोंद केली आहे. तो रोज अर्धा तास करवतीनं लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. एवढीच नोंद. पण आज डॉक्टर हृदयाच्या रुग्णांना मोजून-मापून जो व्यायाम देतात, त्याचं बीज मला त्या लाकूड कापणाऱ्यात दिसतं.

माझे डॉक्टर म्हणाले, ‘चाला, पण दुखण्याच्या अलीकडं.’ आधी दहा मिनिटं सपाटीवर, मग चढ. बोलता येईल एवढ्याच वेगानं. थंडीत कानाला मफलर आणि उजाडल्यावर. खाल्ल्यावर दीड-दोन तास नाही. दुखलं तर तिथंच थांबायचं, मित्र पुढं गेले तर जाऊ द्यायचे.

आणि एक गोष्ट त्यांनी कागदावर लिहून दिली, ती माझ्या घरात फ्रीजवर चिकटवलेली आहे. चढल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, हे ओळखीचं दुखणं. पण बसल्या जागी आलं, थांबूनही दहा मिनिटांत गेलं नाही, सोबत दरदरून घाम, उलटी, चक्कर आली, किंवा नेहमीपेक्षा कमी चालण्यावर वारंवार येऊ लागलं, तर ते ओळखीचं नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेही नाही. तेव्हा जुना नॉर्मल रिपोर्ट काढून बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हा त्या दिवसाचा दाखला असतो, आयुष्यभराचा नव्हे.

दर तीन महिन्यांनी मी डॉक्टरांकडं जातो, तेव्हा सोबत एक शाळकरी वही नेतो. माझ्या कवितेच्या वह्यांपेक्षा ती जास्त नीटनेटकी आहे. डॉक्टर चष्मा वर करून ती वाचतात आणि मध्येच विचारतात, ‘इथं पिळवटणं लिहिलंय आणि खाली दडपणं. दोन्ही वेगळं का?’ मी सांगतो, वेगळं आहे. ते मान हलवतात आणि फाईलमध्ये दोन्ही शब्द मराठीतच उतरवून घेतात. गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे : ‘तिसरं वळण. हवा गार. दडपणं, थोडं. नाडी ११२. थांबलो, दोन मिनिटांत गेलं. पुन्हा चढलो.’